अडीच दिवसांचा कोबा

बुधवार, ९ जानेवारी १९५७

उत्तर आलं! चौथ्या पत्राला. बांधकाम खात्याचे ओव्हरसियर यशवंतराव २२ तारखेला, मंगळवारी, चिंचवडला येऊन माझी गच्ची तपासणार. तक्रार खरी ठरली तर 'सदर ठेकेदाराचे नाव सरकारमान्य यादीतून मार्चअखेर कमी करण्यात येईल.' हे वाक्य मी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा मोठ्यानं.

उद्धवराव, सरकारमान्य काँट्रॅक्टर! स्टेशनजवळच्या त्याच्या पाटीवर 'सरकारमान्य' ही अक्षरं त्याच्या नावापेक्षा मोठी आहेत. आता पुसायला सोपी जातील.

चौतीस वर्षं इस्पितळात दुसऱ्यांच्या खाटा सरळ केल्या, मेट्रन म्हणून रिटायर झाले, आणि गेला सगळा पावसाळा स्वतःच्या नव्या घरात माझी खाट या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात हिंडत होती. पाच पातेली, दोन बादल्या आणि एक बेडपॅन छताखाली मांडलं होतं. बेडपॅन नवं होतं, पण शेवटी बेडपॅनच. जेवताना समोर दिसायचं.

चुना खाल्ला त्यानं, दुसरं काय. गच्चीच्या कोब्यात चुना कमी, पवना नदीची वाळू जास्त. कोबा म्हणून चिखल थापला आणि वरून गिलावा करून झाकला. मी त्याला तोंडावर विचारलं होतं, तर म्हणे, "बाई, चुना काय खायची चीज हाय का?" वर विनोद!

गुरुवार, १० जानेवारी

समोरच्या मंजुळाबाईंना पत्र वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "बिचारा." मी पत्र घडी करून घरी आले.

शनिवार, १२ जानेवारी

उद्धवराव आला. सायकल फाटकाला टेकवली, टोपी हातात घेतली. आत घेतला नाही. पायरीवर उभा, मी दारात.

आधी पत्राची गोष्ट काढली. मी खात्याला इंग्रजीत लिहिलं होतं, त्याची नक्कल त्याला गेली. म्हणाला, मास्तरांकडून वाचून घेतली, अर्ध्यावर मास्तर डिक्शनरी आणायला गेले ते संध्याकाळी आले. मला हसू येत होतं. आलं नाही असं दाखवलं.

मग मुद्द्यावर आला. ओव्हरसियर यायच्या आत मी सगळं उखडून नवं करून देतो, तेवढी तक्रार मागं घ्या. पावसाळाभर हा माणूस 'उद्या बघू' म्हणत होता आणि आता यादीचं नाव निघाल्यावर घाई! तेच मी त्याला सुनावलं. सुनावताना मी सहसा थांबत नाही. आजही थांबले नाही.

तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "सिस्टरबाई, पिंपरीला औषधाच्या कारखान्याच्या चाळींचं काम मला यादीत नाव हाय म्हणून मिळालंय. नाव गेलं की चाकणला जाऊन परत गवंडी. त्येबी कुनी ठेवला तर. चुना मी पुरा घातलाय. गूळ घातलाय, हिरड्याचं पानी घातलंय. कमी पडलं ते—"

आणि गिळलं. वहाणांकडे बघत राहिला.

मी म्हटलं, बोला की. काय कमी पडलं?

"जाऊ द्या," म्हणाला.

जाऊ द्या! चोर पकडला की त्याला असंच वहाणांकडे बघायला सुचतं. जाताना पायरीवर चाकणच्या कांद्यांची टोपली ठेवून गेला. ती समोरच्या भैरूकरवी परत पाठवली. तीन कांदे पायरीवरच सांडले होते, ते ठेवून घेतले. रस्त्यात टाकायचे का?

सोमवार, १४ जानेवारी

संक्रांत. भागूबाई तिळगूळ घेऊन आली. पिंपळे गुरवची. गच्चीचा कोबा चोपणाऱ्या बायकांची ही मुकादमीण. उन्हाळ्यात माझ्या गच्चीवर हिच्याच बायका ओळीनं बसल्या होत्या, लाकडी चोपणी हातात घेऊन. आल्याचं नवल वाटलं. आमचं तेव्हा काही गोडीनं संपलं नव्हतं, कशावरून ते आता आठवत नाही.

बरोबर लेक, गवरा. सातवा महिना. पहिलं मूल जन्मतानाच गेलं, म्हणून या खेपेला लवकरच माहेरी आणलीय. भागूबाई म्हणाली, "बाई, तुमी एवढी वर्सं हेच केलं. माज्या लेकीकडं जरा बगा."

मी स्पष्ट सांगितलं. रिटायर झाले. आता कुणाची नाडी नाही, कुणाचं बाळंतपण नाही. चौतीस वर्षांत रात्र आणि दिवस यातला फरक विसरले होते, तो आता कुठे परत शिकतेय. पुण्याला मोठा दवाखाना आहे, तिकडे ने.

पायाला सूज होती म्हणून फक्त घोट्यावर बोट दाबून पाहिलं. खळगा पडला. मीठ बंद कर म्हटलं, आणि दुपारची पाय वर करून नीज. एवढंच. हे काही बघणं नव्हे.

उठताना भागूबाईनं मान वर करून छताच्या डागांकडे पाहिलं. म्हणाली, "वाजला न्हाई ना कोबा. न वाजता झाकला." मी विचारलं, म्हणजे काय? तिनं पदर सारखा केला आणि लेकीला घेऊन गेली.

या लोकांना अर्धं बोलायची खोडच आहे.

गुरुवार, १७ जानेवारी

 

ओव्हरसियरसाहेबांना बांधकामाच्या तारखांचा तक्ता द्यायचा म्हणून गेल्या वर्षीची रोजनिशी काढली. पाया कधी, भिंती कधी, कोबा कधी. माझ्या तारखा कधी चुकत नाहीत, त्याचा मला अभिमान. एप्रिलचं पान काढलं. जसंच्या तसं इथे उतरवते:

'बुधवार, २५ एप्रिल १९५६. गच्चीवर चोपणीचा तिसरा दिवस. डोकं दुखतं. चोपणाऱ्या बायकांना दुपारी बाराला घरी घालवलं. पुन्हा येऊ नका म्हटलं. उद्धवरावाला सांगितलं, ठोकाठोकी पुरे झाली, उद्या गिलावा कर. तो कुरकुरला. घर कुणाचं, असं विचारलं. गप्प बसला.'

अक्षर माझं. शाई माझी. आणि मला यातलं काही, देवाशपथ, आठवत नव्हतं! डोकेदुखी पक्की लक्षात, बायका पाठवल्याचं पुसून गेलेलं.

पण असं असेल की अडीच दिवस पुरतात. पुरत असतील. उद्या विचारते.

शुक्रवार, १८ जानेवारी

चुना मळायच्या घाणीवर गेले. म्हातारा गेनबा बैलामागं फिरत होता. सहज विचारल्यासारखं विचारलं, कोबा किती दिवस चोपतात?

"दिस कोन मोजतो, बाई. चोपणं हातातनं उडाया लागंस्तवर. खनखन वाजाया लागला की झाला. सात दिस म्हना, आठ म्हना."

आणि अडीच दिवसांत?

तो बैल थांबवून हसला. "अडीच दिसांत अंगणातली माती बी बसत न्हाई."

परतताना रस्ता नेहमीपेक्षा लांब वाटला.

शनिवार, १९ जानेवारी

मी शिकले त्या कॉन्व्हेंटमध्ये दर शनिवारी प्रार्थनेआधी आठवड्याच्या चुका वहीत लिहायच्या, हा नियम. मी हिंदू म्हणून मला सूट नव्हती. चूक लिहायची ती कारणासकट. कारण नसलेल्या चुकीवर मदर लाल रेघ मारून वही परत करायच्या. गेल्या वर्षीच्या त्या पानावर मदरनी दोन रेघा मारल्या असत्या.

तर कारण लिहिते. डोकं दुखत नव्हतं.

मी तेव्हा मंजुळाबाईंच्या पडवीत राहत होते आणि दिवसातून चारदा शिडीवर चढून काम बघायचे. बायका चोपताना गातात. एक सांगते, बाकीच्या उचलतात, चोपणी तालावर पडतात. तिसऱ्या दिवशी मी शिडीच्या वरच्या पायरीवर होते, त्यांना दिसत नव्हते. भागूबाईनं सांगितलं:

चार गं खोल्यांचं, बाई बांधिती घर,
एकली जिवाची, कुनाला उघडील दार?

बाकीच्यांनी उचललं. दोनदा म्हटलं. मग हसल्या. सगळ्या.

चार खोल्या कशाला, हे मला माझ्या भावानं विचारलं होतं, बँकेतल्या कारकुनानं विचारलं होतं, त्यांना मी उत्तरं दिली होती. या बायकांना उत्तर सुचलं नाही. म्हणून वर गेले आणि डोकं दुखतं म्हणाले.

झालं. लिहिलं. आता मंगळवारी काय करायचं ते मात्र लिहिता येत नाही. चार पत्रांत मी त्याला चोर म्हटलंय. इंग्रजीत, डिक्शनरी लागेल असं.

रविवार, २० जानेवारी

काही नाही. डोकं खरंच दुखलं.

मंगळवार, २२ जानेवारी

सविस्तर लिहिते, कारण आजचा दिवस मला नंतर सोयीनं विसरायचा नाही.

यशवंतराव साडेदहाच्या गाडीनं आले. किडकिडीत, चष्मा, हातात छत्री. कोरड्या जानेवारीत छत्री! तिचा उपयोग वर कळला. गच्चीवर छत्रीच्या टोकानं ठोकत चालले. प्रत्येक ठोक्याला भद्द, भद्द. एका कोपऱ्यात गिलावा फोडून घेतला, आतल्या कोब्यात खिळा दाबला. अंगठ्यानं दाबला, आणि गेला आत. तांब्याभर पाणी ओतलं. कोबा ते पिऊन टाकताना आम्ही तिघं, ते, मी आणि उद्धवराव, बघत होतो.

मग त्यांनी एक खडा चुरून जिभेवर ठेवला. चुना भरपूर आहे म्हणाले. गूळही आहे. विटकर, म्हणजे विटांची खडी, चांगली. माल पुरा आहे, मेहनत नाही. याला चोपलेलंच नाही.

मी आठ महिने ज्याला चुना खाल्ला म्हणत होते तो माझ्यापासून दोन हातांवर उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

यशवंतरावांनी वही उघडली. "किती दिवस चोपणी केली?"

"अडीच."

"का?"

उद्धवरावानं टोपी काढली. मला वाटलं आता सांगेल. सांगायला हवंच होतं. त्याची चाळींची कामं, त्याची पाटी, सगळं त्या एका उत्तरावर होतं. तो म्हणाला, "चूक माजी हाय, साहेब. लिहा."

साहेब लिहू लागले. मी त्यांच्या पेनाकडे बघत होते. पहिला शब्द झाला. आणि मी म्हणाले, "थांबा. चोपणी मी थांबवली."

खाली जाऊन रोजनिशी आणली आणि ते पान त्यांच्या हातात दिलं. माझी रोजनिशी आजवर कुणी वाचलेली नाही! त्यांनी ते पान वाचलं, मागचं पुढचं वाचलं नाही, तेवढा माणूस सभ्य. मिटून परत दिली.

मग साहेबांनी उद्धवरावाला विचारलं, अरे, हे आधी का नाही बोललास? चार पत्रं गेली तुझ्यावर.

तो म्हणाला, "बाईमानसाचं डोकं दुकतंय म्हटल्यावर वाद काय घालायचा. आन् घर त्यांचं असलं तरी ठेकेदार मी. कोबा वाजला न्हाई हे मला ठावं व्हतं. ठावं असून वरनं गिलावा मीच केला. त्यांना काय म्हायती? त्या सुया टोचनाऱ्या."

सुया टोचणाऱ्या. बरं.

यशवंतराव आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघत होते. इस्पितळात दोन खोडकर पेशंट एकमेकांना वाचवायला लागले की मी तशी बघायची. शेवटी त्यांनी निकाल दिला. जुना कोबा उखडायचा. नवा घालायचा, चुना आणि मजुरी उद्धवरावाची, गूळ, हिरडा आणि बायकांचं दुपारचं जेवण माझं. मुरला की गच्चीवर तीन दिवस पाणी तुंबवायचं. खाली थेंब आला नाही तर तक्रार निकाली आणि नाव यादीत कायम. आला, तर नाव गेलं.

खाली उतरताना उद्धवराव म्हणाला, एक अट माझी घाला साहेब. चोपणी चालू असताना बाईंनी शिडी चढायची न्हाई. साहेबांनी हसत लिहून घेतली. मी त्यात दुरुस्ती सुचवली: बोलावल्याशिवाय. दोघांनी मान्य केली.

चहा केला. तिघांसाठी. आत बसून प्याले. कपबशी धुताना लक्षात आलं, माझे खांदे खाली आले होते. किती महिने ते कानांपाशी होते कोण जाणे.

मंगळवार, २९ जानेवारी

जुना कोबा उखडला. फळ्यांच्या फटींतून खोलीत बसून आभाळ दिसतं. मंजुळाबाई म्हणतात, आमच्याकडे झोपायला या. गेले. त्या घोरतात.

सोमवार, ४ फेब्रुवारी

चोपणी सुरू. अकरा बायका. त्यांना आणायला मी स्वतः पिंपळे गुरवला गेले होते. भागूबाई दारात उभी. मी म्हटलं, मागच्या वेळी मी चुकले. चौतीस वर्षांत हे वाक्य मी डॉक्टरांना एकदाही म्हटलं नव्हतं. ती म्हणाली, "चला आत, च्या घ्या."

बुधवार, ६ फेब्रुवारी

तिसरा दिवस. मी खाली पिठलं ढवळत होते. वरून आलं तेच, चार गं खोल्यांचं. तेच हसणंही. पळी धरून उभी राहिले. शिडी दारातच होती. गेले नाही. पिठलं खाली लागलं, पण बायकांनी खाल्लं.

आईबरोबर आलेल्या गवराचे पाय जेवताना पाहिले. सूज उतरलीय. मीठ बंद ठेव म्हटलं.

सोमवार, ११ फेब्रुवारी

आठवा दिवस. दुपारी चारच्या सुमाराला भागूबाईनं वरून हाक मारली. बोलावणं होतं, तेव्हा अट मोडली नाही.

तिनं चोपणं माझ्या हातात दिलं. मी मारलं. ते हातातून उडालं! टणकन. आठ दिवसांपूर्वी जे भद्द म्हणत होतं ते आता पितळेच्या घागरीसारखं बोलत होतं. उद्धवराव कोपऱ्यात उकिडवा बसला होता, त्यानं डोळे मिटून दोन्ही हात जोडले. देवाला की कोब्याला, विचारलं नाही.

मग बायका पुन्हा ओळीनं बसल्या. भागूबाई म्हणाली, आता शेवटचं, घर भरायचं. आणि सांगितलं:

चार गं खोल्यांचं, बाईनं बांधलं घर,
गावाच्या लेकी येतील, बाई उघडं ठेव दार.

सगळ्यांनी उचललं.

रीतच तशी आहे म्हणे. आधी सगळे दिवस घरधन्याला टोचायचं, रडवेलं करायचं, त्याच्या घराला नावं ठेवायची, म्हणजे कुणाची दृष्ट लागत नाही. आणि कोबा वाजला की त्याच गाण्याचं तोंड फिरवून घर भरून द्यायचं. पाटलाच्या गच्चीवर तर त्याला बायकोच्या हातचा मार खाणारा म्हणतात, तो खाली बसून हसतो.

भागूबाईनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "आर्दंच ऐकून हाकललंत, बाई."

बायकांना खण वाटले. सगळ्यात शेवटी गवरा. तिला म्हटलं, पुढच्या सोमवारी ये, आणि त्याच्या पुढच्याही. का म्हटलं कोण जाणे.

गुरुवार, १४ मार्च

महिनाभर कोबा ओला ठेवला. रोज दोनदा पाणी. काल ओली पोती काढली, वरचा गिलावा झाला. सोमवारी पाणी जायच्या नळ्या बुजवून गच्ची तळ्यासारखी भरायची.

मंगळवार, १९ मार्च

पाण्याचा दुसरा दिवस. उद्धवराव तीनदा येऊन गेला. माझ्या खोलीत उताणा झोपून छताकडे बघतो. मी म्हटलं, खाट देऊ का? म्हणाला नको, जमिनीवरून नीट दिसतं.

गुरुवार, २१ मार्च

यशवंतराव आले. तीन दिवस पुरे. छत कोरडं, पांढरं, कुठे ठिपका नाही. त्यांनी खोलीत डोक्यावर उघडून धरलेली छत्री मिटून कोपऱ्यात ठेवली, तेव्हा कळलं की घाबरून तेही आले होते!

तक्रार मागे घेतल्याचं पत्र मी मराठीत लिहिलं. उद्धवरावाला मास्तरांकडे जायला लागू नये म्हणून. चोर म्हटलं होतं ते परत घेते, असंही लिहिलं. तो दोनदा वाचून म्हणाला, हे फ्रेम करून लावू का? मी म्हटलं, खुशाल. कांद्यांची टोपली आली. अख्खी घेतली. त्याला सांगितलं, मागचे तीनही मी खाल्ले होते. म्हणाला, ठाऊक हाय, भैरूनं मोजून सांगितलं.

आज माझ्या खाटेवर, माझ्या कोपऱ्यात. पातेली स्वयंपाकघरात परत. बेडपॅन धुऊन, उकळून, कपाटात ठेवलं. आपल्या कामाला लागेल.

शुक्रवार, २९ मार्च

सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. मुलगी. साडेसहा पौंड. रडली ती पहिल्याच दमाला. गवरा बरी आहे, पुढच्या खोलीत झोपलीय. रस्त्यात दोघी बायका आणखी उभ्या आहेत, एकीचे पाय सुजलेले दिसतात. भागूबाईनं विचारलं, दार लोटू का?

राहू दे म्हटलं.